पावलाच्या मधल्या सांध्यांची दुखापत आणि स्मृतिधातूचे स्टेपल

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकाच्या आरोग्यविषयक पानावर अस्थिशल्यक्रियेतील नव्या साधनांचा परिचय करून देणारा मजकूर नुकताच वाचनात आला. पावलाच्या मधल्या भागातील मोडलेल्या आणि निखळलेल्या हाडांसाठी निकेल आणि टायटॅनियम यांच्या मिश्रधातूचे जे स्टेपल, म्हणजे कागद टाचायच्या पिनेसारखे दोन पायांचे आकडे, वापरले जातात, त्यांच्याविषयी त्यात असे म्हटले होते की, हा धातू शरीराच्या उष्णतेने आपला मूळ आकार पुन्हा धारण करतो आणि सरकलेली हाडे आपोआप जागेवर ओढून आणतो. या वाक्याचा पूर्वार्ध बरोबर आहे. उत्तरार्ध चुकीचा आहे, आणि रुग्णाच्या दृष्टीने ही चूक मुळीच लहान नाही. पाय आणि घोट्याच्या शस्त्रक्रिया हेच माझे रोजचे काम असल्यामुळे या विषयाची दुसरी बाजू आपल्या वाचकांपुढे यावी, असे मला मनापासून वाटते.

पावलाचा मधला भाग म्हणजे टाच आणि चवडा यांना जोडणारा, वरून पाहिल्यास बुटाच्या नाडीखाली येणारा भाग. येथे बोटांकडे जाणाऱ्या पाच लांबट हाडांची मुळे मागच्या चार लहान हाडांना टेकलेली असतात. या चारांपैकी तीन पाचरीच्या आकाराची असतात आणि बाहेरच्या कडेचे चौथे घनाकार असते. दुसऱ्या बोटाच्या रेषेतील लांब हाडाचे मूळ शेजारच्या हाडांपेक्षा थोडे मागे, पहिल्या आणि तिसऱ्या पाचरीच्या मधल्या खोबणीत बसलेले असते. दगडी कमानीच्या माथ्यावरचा कळीचा दगड जसा उरलेल्या दगडांना धरून ठेवतो, तसे हे एक मूळ पावलाची आडवी कमान धरून ठेवते. पहिल्या आणि दुसऱ्या लांब हाडांच्या मुळांना एकमेकांशी थेट बांधणारा अस्थिबंध निसर्गाने दिलेलाच नाही. तेथील सगळी भिस्त पहिल्या पाचरीपासून दुसऱ्या हाडाच्या मुळाकडे तिरक्या जाणाऱ्या एका जाड अस्थिबंधावर असते. तो तुटला, किंवा हाडाचा लहानसा कपचा घेऊन उखडला, की शरीराचे वजन पडताच दोन्ही हाडे एकमेकांपासून दूर सरू लागतात. या सांध्यांच्या रांगेला लिस्फ्रांक यांचे नाव आहे. नेपोलियनच्या काळातील या फ्रेंच शल्यविशारदांनी १८१५ साली याच रांगेतून चवडा कापून काढण्याची पद्धत वर्णन केली होती. त्या काळी तो भाग वाचवण्याचा प्रश्नच फारसा नसे, आज प्रश्न असतो तो पाऊल पूर्ववत चालते करण्याचा.

ही दुखापत विरळ आहे. वैद्यकीय ग्रंथांत वर्षाला सुमारे ५५,००० लोकांमागे एक असे तिचे प्रमाण दिले जाते. त्याच ग्रंथांत दुसरा एक आकडा असतो आणि तो मला अधिक अस्वस्थ करतो: सुमारे २० टक्के दुखापती पहिल्या तपासणीत लक्षातच येत नाहीत. वाहनाच्या अपघातात किंवा उंचावरून पडून पाऊल चिरडले गेले असेल, तर निदान चुकण्याची शक्यता कमी असते, कारण पाऊल वेडेवाकडे दिसते. निसटतात त्या साध्या वाटणाऱ्या दुखापती. जिन्याची शेवटची पायरी चुकली, मैदानावर चवडा जमिनीला टेकलेला आणि टाच वर असताना कोणी पाठीमागून अंगावर पडले, रिकिबीत पाय अडकून घोड्यावरून तोल गेला, अशा प्रसंगांत खाली वळलेल्या चवड्यावर शरीराचा भार सरळ येतो आणि अस्थिबंध तुटतो. रुग्ण लंगडत येतो, एक्स-रे झोपवून काढला जातो, भार नसल्यामुळे हाडे आपल्या जागी आल्यासारखी दिसतात, आणि पाय मुरगळला आहे असे सांगून पट्टी बांधून त्याला घरी पाठवले जाते.

अशा वेळी पाऊल उलटून तळवा पाहणे ही अर्ध्या मिनिटाची तपासणी आहे. तळव्याच्या मध्यावर, कमानीच्या खोलगट भागात, जांभळट काळा डाग उमटला असेल, तर तळव्याच्या बाजूचे मजबूत अस्थिबंध फाटले असावेत, असा दाट संशय घ्यायला हवा. साध्या मुरगळण्यात सूज आणि काळसरपणा बहुधा घोट्याच्या बाहेरच्या बाजूला दिसतो, तळव्याच्या मध्यावर नव्हे. यानंतर रुग्णाला सोसेल तितके वजन पायावर टाकून, दोन्ही पावलांचा उभ्याने एक्स-रे काढायचा असतो. त्यात दुसऱ्या लांब हाडाची आतली कड मधल्या पाचरीच्या आतल्या कडेशी एका रेषेत हवी. पहिल्या पाचरीपासून दुसऱ्या हाडाच्या मुळापर्यंतची फट दुसऱ्या पावलाच्या तुलनेत दोन मिलिमीटरहून अधिक वाढलेली असेल, तर सांधा अस्थिर मानला जातो. पहिल्या दिवशी वेदनेमुळे उभे राहता आले नाही, तर आठ-दहा दिवसांनी तो एक्स-रे पुन्हा काढावा, आणि शंका उरलीच तर सीटी स्कॅन किंवा एमआरआय करावा. कोणत्या धातूचे इम्प्लांट घालायचे, हा प्रश्न या सगळ्यानंतरचा आहे. निदानच निसटले तर जगातला सर्वोत्तम धातूही त्या पावलाच्या उपयोगी पडत नाही.

आता मूळ विषयाकडे येते. हे सांधे जागेवर बसवून धरून ठेवण्यासाठी आजवर मुख्यतः तीन साधने वापरली गेली आहेत. पूर्वी बारीक तारा घालून वर प्लास्टर घालत. बाहेरच्या कडेच्या चौथ्या आणि पाचव्या हाडांसाठी तारा आजही वापरतात, कारण चालताना उंचसखल जमिनीशी जुळवून घेण्यासाठी त्या दोन सांध्यांची हालचाल टिकायला हवी, आणि सहा आठवड्यांनी तारा सहज काढून घेता येतात. आतल्या तीन सांध्यांना मात्र तारांची पकड पुरत नाही, म्हणून स्क्रू आले. स्क्रू घट्ट धरतो, पण तो सांध्याच्या आरपार जातो. हाडांच्या टोकांवरची कूर्चा, म्हणजे सांध्याचे गुळगुळीत अस्तर, एकदा भेदली गेली की पूर्वीसारखी भरून येत नाही. साडेतीन मिलिमीटर जाडीचा एक स्क्रू त्या लहानशा पृष्ठभागाचा काही टक्के भाग कायमचा खाऊन टाकतो, आणि दिशा चुकून ड्रिल दुसऱ्यांदा मारावे लागले तर नुकसान आणखी वाढते. शिवाय रुग्ण चालू लागल्यावर स्क्रू सांध्यातच तुटला, तर आतला तुकडा काढणे मोठे अवघड काम असते. यावर उपाय म्हणून सांध्याला हात न लावता त्याच्यावरून पुलासारखी प्लेट बसवण्याची पद्धत रूढ झाली. तिने कूर्चा वाचते. मात्र पावलाच्या वरच्या बाजूला त्वचेखाली मांस जवळजवळ नसतेच, त्यामुळे प्लेट बुटाला टोचते, आणि ती बसवण्यासाठी मऊ भाग बराच सोडवावा लागतो.

स्मृतिधातूचा स्टेपल या अडचणींवर तोडगा म्हणून आला आहे आणि त्याचे गुण खरे आहेत, हे मी आधीच स्पष्ट करते. नायटिनॉल या नावाने ओळखला जाणारा हा मिश्रधातू अमेरिकी नौदलाच्या शस्त्रास्त्र प्रयोगशाळेत विल्यम ब्यूलर यांच्या संशोधनातून पुढे आला. १९६१ साली तेथील एका बैठकीत घड्या घातलेली त्याची पट्टी लायटरच्या ज्योतीने तापवताच सरळ झाली आणि त्याच्या स्मृतीचा गुण सर्वांच्या लक्षात आला. यात निकेल आणि टायटॅनियमचे अणू जवळजवळ समप्रमाणात असतात. थंड असताना त्यांची रचना एका प्रकारची असते आणि त्या अवस्थेत धातू सहज वाकतो. ठरावीक तापमान ओलांडले की रचना दुसऱ्या, अधिक ताठ प्रकारात जाते आणि धातू आधी घडवलेल्या आकाराकडे परततो. हे तापमान किती असावे, हे निर्मितीच्या वेळी मिश्रणाच्या प्रमाणात आणि उष्णतेच्या प्रक्रियेत सूक्ष्म फेरफार करून ठरवता येते. या धातूचा दुसरा गुण म्हणजे त्याची असाधारण लवचिकता. सुमारे आठ टक्क्यांपर्यंत ताणला तरी तो पूर्ववत होतो, पोलाद मात्र त्याच्या कितीतरी आधी कायमचे वाकते.

शस्त्रक्रियेच्या टेबलावर हे कसे घडते, ते सांगते. पूर्वीचे स्टेपल बर्फात थंड करून त्यांचे पाय फाकवून ठेवावे लागत आणि हाडात बसवल्यावर शरीराच्या किंवा कोमट सलाइनच्या उष्णतेने ते आवळत. हातात धरलेला स्टेपल गरम होण्याआधी भोकांत जायला हवा, म्हणून सगळी घाई असे. आजचे बहुतेक स्टेपल शरीराच्या तापमानाला ताठ अवस्थेतच असतात आणि एका पकडीवर पाय समांतर फाकवून बसवलेले येतात. सांध्याच्या दोन्ही बाजूंच्या हाडांत, मार्गदर्शक साच्यातून, दोन समांतर भोके पाडायची, स्टेपलचे पाय त्यांत सरकवायचे, आडवा दांडा हाडावर टेकल्याची खात्री करायची आणि पकड सोडायची. पकड सुटताच पाय आतल्या बाजूला कलतात आणि हाडांमधली केसाएवढी फट डोळ्यांदेखत मिटते. सांध्याच्या पृष्ठभागाला एकही भोक पडत नाही. त्याहून मोलाचे म्हणजे हा दाब तेथेच थांबत नाही. तुटलेल्या हाडाची कड भरून येताना प्रथम थोडी विरते. तेवढ्यानेही स्क्रूचा दाब उतरतो, पण स्टेपल आपल्या मूळ आकाराकडे जाऊ पाहत असल्यामुळे विरलेल्या जागेच्या मागोमाग आवळत राहतो. दांडा पातळ असल्याने तो त्वचेखाली प्लेटपेक्षा कमी जाणवतो आणि बसवायला वेळही कमी लागतो.

हे सगळे मान्य करूनच मी म्हणते की, स्टेपल हाडे जागेवर आणत नाही. ज्या स्थितीत त्याला हाडे मिळतात, त्याच स्थितीत तो ती दाबून धरतो. दुसऱ्या हाडाचे मूळ वरच्या बाजूला दोन मिलिमीटर उचललेले असताना स्टेपल सोडला, तर ते उचललेलेच राहील, फक्त आता घट्ट. शस्त्रक्रियेचा खरा वेळ आणि कौशल्य त्याआधी खर्च होते. सांध्यात अडकलेले कूर्चेचे आणि अस्थिबंधाचे तुकडे साफ करायचे, आतल्या कडेपासून सुरुवात करून एकेक हाड बसवायचे, टोकदार चिमट्याने पहिली पाचर आणि दुसऱ्या हाडाचे मूळ एकत्र आणायचे, तात्पुरत्या तारांनी ते धरायचे आणि सी-आर्मच्या, म्हणजे शस्त्रक्रिया चालू असतानाच एक्स-रे दाखवणाऱ्या यंत्राच्या, पडद्यावर समोरून, तिरके आणि बाजूने असे तिन्ही अंगांनी रेषा जुळल्या आहेत का, हे पाहायचे. शक्य तेथे डोळ्यांनीही पाहायचे, कारण पडद्यावरची सावली फसवू शकते. या दुखापतीच्या दीर्घकालीन परिणामांचा विचार करणारे शल्यविशारद एका गोष्टीवर जवळजवळ एकमताने बोट ठेवतात, ती म्हणजे हाडे किती अचूक बसली. साधन कोणते वापरले, हा प्रश्न त्यानंतर येतो.

स्टेपलच्या मर्यादा त्याच्या रचनेतूनच येतात. तो वरच्या बाजूने बसतो आणि दाब वरच्या बाजूला अधिक पडतो, त्यामुळे पाय पुरेसे खोल गेले नाहीत किंवा सांधा नीट जुळला नसेल, तर तळव्याच्या बाजूला फट उघडू शकते. चालताना ताण येतो तो नेमका त्याच बाजूला. हाडाचा चुरा झाला असेल तर आवळणारे साधन त्या हाडाची लांबीच कमी करते. तेथे लांबी राखणारी प्लेटच हवी. हाडे ठिसूळ झालेल्या वयस्क रुग्णांत स्टेपलचे पाय हाड कापत बाहेर येण्याची भीती असते. पहिली पाचर आणि दुसरे हाड यांमधल्या तिरक्या जोडासाठी अनेक शल्यविशारद आजही एक तिरका स्क्रू घालतात आणि स्टेपल उरलेल्या सांध्यांवर ठेवतात. माझीही पसंती अशा मिश्र पद्धतीलाच आहे. एकाच साधनाने सगळे पाऊल बांधण्याचा आग्रह मला धोक्याचा वाटतो. बाहेरच्या दोन सांध्यांवर तर आवळणारा स्टेपल बसवूच नये, या मताची मी आहे.

निकेलचा प्रश्नही येथे नोंदवायला हवा. नायटिनॉलमध्ये वजनाने निम्म्याहून अधिक निकेल असते. पृष्ठभागावरील टायटॅनियम ऑक्साइडचा थर ते शरीरात उतरू देत नाही, आणि बहुतेक रुग्णांना काहीही त्रास होत नाही. पण कानातल्या नकली दागिन्याने किंवा घड्याळाच्या बकलाने ज्यांच्या त्वचेवर खाज आणि पुरळ उठते, त्यांनी ते शस्त्रक्रियेपूर्वी आवर्जून सांगावे आणि डॉक्टरांनीही ते आवर्जून विचारावे. अशा रुग्णासाठी टायटॅनियमची प्लेट हा चांगला पर्याय उपलब्ध असतो.

मूळ मजकुरात एका गोष्टीचा उल्लेखच नव्हता, ती म्हणजे सूज. ही दुखापत तातडीची असली तरी अंतिम शस्त्रक्रिया बहुतेकदा तातडीने करता येत नाही. पाऊल टरटरून सुजलेले असताना वरच्या पातळ त्वचेवर छेद घेतला, तर जखम उसवते आणि जंतुसंसर्ग होतो. म्हणून निखळलेली हाडे ढोबळमानाने जागेवर आणून, गरज पडल्यास बाहेरच्या चौकटीने धरून, पाय उंच ठेवून सूज उतरण्याची वाट पाहिली जाते. त्वचेवर पुन्हा बारीक सुरकुत्या दिसू लागल्या की शस्त्रक्रियेची वेळ आली, असे आम्ही मानतो. याला एक ते दोन आठवडे लागू शकतात. शस्त्रक्रिया लांबवली म्हणून नातेवाइकांची नाराजी ओढवते, ती मी समजू शकते, पण हे थांबणे उपचाराचाच भाग आहे. याला अपवाद म्हणजे पावलाच्या आतला दाब वाढून रक्तपुरवठा धोक्यात येणे, उघडी जखम असणे, किंवा निखळलेल्या हाडाने त्वचा आतून ताणून पांढरी पाडणे. अशा वेळी एक तासही दवडून चालत नाही.

हाडे न मोडता केवळ अस्थिबंध तुटले असतील, तर सांधा वाचवण्यापेक्षा आतले सांधे कायमचे जोडून टाकणे चांगले का, हा वाद अजून मिटलेला नाही. २००६ साली ली आणि कोएट्झी यांनी ४१ रुग्णांची तुलना प्रसिद्ध केली आणि तिच्यात सांधे जोडलेल्या रुग्णांचे पाऊल अधिक चांगले चालले. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या एका तुलनेत दोन्ही गटांच्या चालण्या-वावरण्यात ठळक फरक आढळला नाही, मात्र सांधे जोडलेल्या गटात दुसऱ्यांदा शस्त्रक्रिया करण्याची वेळ पुष्कळ कमी आली. आतल्या तीन सांध्यांत मुळातच हालचाल थोडी असते, त्यामुळे ते जोडल्याने चालण्यात फारसा फरक पडत नाही. स्मृतिधातूचा स्टेपल मला सर्वाधिक उपयोगी वाटतो तो याच कामी. सांधा जोडायचा असतो तेव्हा हाडाला हाड भिडून सतत दाब राहायला हवा, आणि स्टेपल नेमका तोच देतो. सांधा वाचवायचा असताना मात्र इतक्या दाबाखाली कूर्चा महिनोन्महिने ठेवणे तिच्या हिताचे आहे का, याचे उत्तर देण्याइतका दीर्घकाळाचा, मोठ्या संख्येचा अनुभव अद्याप जमा झालेला नाही. स्टेपल नंतर काढायचे की तसेच राहू द्यायचे, यावरही मतभेद आहेत. त्रास नसेल तर मी ते काढत नाही.

साधन कोणतेही असो, सहा ते आठ आठवडे त्या पायावर वजन टाकायचे नसते, पुढे हळूहळू वजन वाढवत नेहमीच्या चालण्यापर्यंत यायला तीन-चार महिने जातात आणि खेळाडूला मैदानावर परतायला कधी कधी वर्ष लागते. ‘नवा धातू घातला आहे, आता लवकर चालता येईल’ या समजुतीने रुग्ण चौथ्या आठवड्यात कुबड्या बाजूला ठेवतात. स्टेपलचे पाय हाडात सैल होणे, तारा तुटणे आणि जागेवर बसवलेले हाड पुन्हा सरकणे हे सगळे याच काळात घडते. शस्त्रक्रिया उत्तम होऊनही काही रुग्णांना पुढे या सांध्यांचा संधिवात होतो, आणि ही शक्यता त्यांना आधीच सांगितली गेली पाहिजे.

आपल्या दैनिकाचा वाचकवर्ग मोठा आहे आणि आरोग्याच्या पानावर छापलेले वाक्य पुष्कळ लोक वैद्यकीय सल्ल्याइतकेच गांभीर्याने घेतात. शस्त्रक्रियेपूर्वीच्या भेटीत ‘मला तो आपोआप आवळणारा धातूच घाला’ असा हट्ट धरणारे रुग्ण आता येऊ लागले आहेत. त्यांनी विचारायला हवे ते प्रश्न निराळे आहेत: माझ्या पावलातले नेमके कोणते सांधे सरकले आहेत, उभ्याने एक्स-रे किंवा सीटी स्कॅन झाला आहे का, हाडाचा चुरा आहे की फक्त अस्थिबंध तुटले आहेत, सांधा वाचवायचा आहे की जोडायचा, आणि अमुक साधन माझ्यासाठी निवडण्याचे कारण काय. आपल्याला माझी विनंती आहे की, त्याच पानावर मूळ वाक्याची दुरुस्ती छापावी आणि तिच्यासोबत हे प्रश्नही द्यावेत. जागा थोडी असेल तर निदान एवढे तरी जरूर छापावे, की पाय मुरगळल्यानंतर तळव्याच्या मध्यावर काळा डाग दिसत असेल, किंवा आठवडा उलटूनही चवड्यावर उभे राहता येत नसेल, तर पहिला एक्स-रे चांगला आला म्हणून स्वस्थ न बसता उभ्याने एक्स-रे काढून घ्यावा.

कळावे, लोभ असावा.

आपली विश्वासू,
एक अस्थिशल्यविशारद